करकरत्या खुर्चीचा अभिप्राय

मित्रांनो, माणसे तोंडाने काय बोलतात ते तुम्हाला ऐकू येते. ती कशी बसली आहेत, हे मात्र मलाच कळते. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला हात नाहीत, गादी नाही, आणि माझ्या मागच्या उजव्या पायाचा सांधा करकरतो. बसणारा शांत असला तर मीही शांत असते. तो चुळबुळला की मी बोललेच म्हणून समजा. माझ्या आयुष्यात जे काही बरेवाईट घडले, ते या एका खोडीमुळे घडले.

ज्या सुतारकाकांनी मला घडवले ते हाताचे पक्के, पण भुकेला फार कच्चे होते. एका दरवाजातून उरलेल्या सागवानाची त्यांनी मला केली. तीन पाय असे बसवले की बघणाऱ्याने बघतच राहावे. चौथा पाय बसवताना काकूंनी जेवायला हाक मारली. थोड्या वेळाने दुसरी मारली. तिसऱ्या हाकेतला सूर ऐकून काकांनी पाय खाचेत कसाबसा ठोकला आणि ते उठले. सांधा सैल राहिला. "बसेल हळूहळू," ते म्हणाले. तो अजून बसायचाच आहे.

माझी पहिली नोकरी दातांच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या खोलीत होती. माणसांची पारख मी तिथेच शिकले. आलेला प्रत्येक जण शेजारच्याला सांगायचा, मला दातांच्या डॉक्टरांची मुळीच भीती वाटत नाही. आणि आतून यंत्राचा आवाज आला की मी अशी करकरायचे की सगळी खोली वळून बघायची. पुढे डॉक्टरांनी मऊ सोफा घेतला आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथून मला एका ताईने उचलले.

ही ताई चित्रकार होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून संगणकावरचा एक खेळ तयार करत होते. ताईने चित्रे काढायची, भावाने ती हलती-बोलती करायची. दोघांची टेबले एकमेकांना चिकटून होती, आणि खोडरबर नेमके कोणाचे यावरून रोज एक भांडण व्हायचे. ते झाल्याशिवाय कामाला हात चालत नसावेत.

खेळ असा होता. दीपस्तंभाचे राखणदार आजोबा एके दिवशी नाहीसे होतात आणि त्यांची नात त्यांना शोधायला निघते. पडद्यावर वस्तूंनी गच्च भरलेली एक खोली दिसते. खाली नावे येतात: किल्ली, शिट्टी, मोडकी छत्री. त्या वस्तू शोधायच्या. सापडल्या की एखादे कोडे उलगडते, कुलूप उघडते आणि गोष्ट पुढच्या खोलीत जाते. दीपस्तंभाची पायरी, आजोबांचे स्वयंपाकघर, बंदरावरचे कोठार, अशा कितीतरी खोल्या होत्या. त्यातले कोठार म्हणजे ताईचा जीव की प्राण. ते रंगवायला तिने अर्धे वर्ष घालवले होते. दोरखंड, पिंपे, जाळी, पेट्या, पेट्यांवर पेट्या. एकेका दोराचा पीळसुद्धा मोजून घ्यावा असा होता.

त्या वर्षी खेळ बाजारात आला नाही, तर भावाने दूरच्या शहरात नोकरी धरायची असे ठरले होते. ठरले म्हणजे काय, त्याने एकदा तसे सांगितले आणि ताईने मान खाली घालून चित्र पुढे चालू ठेवले. त्या दिवशी खोडरबरावरून भांडणही झाले नाही. मला फार वाईट वाटले. मी लाकडाची असले म्हणून काय झाले?

खेळ कसा वाटतो हे कळावे म्हणून दोघे ओळखीच्यांना बोलवत. आलेल्याला माझ्यावर बसवत, पुढ्यात चहा ठेवत, आणि खेळून झाले की आपण शेजारीच उभे राहून विचारत, कसा वाटला? आता तुम्हीच सांगा, ज्याचा चहा प्यालो त्याला तोंडावर वाईट कोण म्हणेल? सगळे म्हणायचे, छान आहे. त्यांची मावशी तर खेळ सुरू व्हायच्या आधीच छान म्हणायची. ती निवृत्त परिचारिका होती. कितीही दुखणार असले तरी काही दुखणार नाही असे सांगायची तिची उभ्या जन्माची सवय होती.

पण मित्रांनो, मी खालून सगळे ओळखत होते. खेळ पायरीवर असला की माणसे शांत बसत. स्वयंपाकघरात ती सरकत सरकत माझ्या काठावर येत, म्हणजे खेळात जीव गुंतला असे समजावे. आणि कोठार आले की मागे रेलत, पाय बदलत, पुन्हा पुढे होत, आणि मी आपली करकर, करकर. तोंड मात्र छानच म्हणत असे.

भावाने एक युक्ती केली होती. माणसे खेळताना काय पुटपुटतात ते नंतर ऐकता यावे म्हणून पडद्याजवळ माइक ठेवून तो सगळे रेकॉर्ड करायचा. त्यात पुटपुटणे कमी आणि मीच जास्त. एके दिवशी तो वैतागला. "ताई, ही खुर्ची आहे की दाराची बिजागरी? हिच्यापुढे मला कोणाचं काही ऐकू येत नाही," असे म्हणून त्याने मला उचलून गॅलरीत नेऊन ठेवले. दुसऱ्याच दिवशी चाकांची, गुबगुबीत, काळी खुर्ची आली. ती गोल फिरायची, वरखाली व्हायची आणि अवाक्षर काढायची नाही. नव्याचे नऊ दिवस असतात हे मला माहीत होते, पण ते नऊ दिवस गॅलरीत उन्हात काढणे सोपे नव्हते. त्यात ताईने माझ्यावर एक कुंडी ठेवली. रोज पाणी घातले की ते माझ्या बैठकीवर झिरपायचे आणि माझा रंग उडायचा. कुंडीतले रोप मात्र माझ्या जिवावर चांगले तरारले.

नव्या खुर्चीवर बसूनही माणसे छानच म्हणाली. तेवढ्या भरवशावर दोघांनी खेळ एका मोठ्या कंपनीला दाखवायला पाठवला. पसंत पडला तर हीच कंपनी तो बाजारात आणणार होती. तिचे उत्तर आले तेव्हा गॅलरीचे दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. कंपनीने आपल्या माणसांना खेळ खेळायला दिला होता. चित्रे सर्वांना आवडली होती, पण बहुतेकांनी खेळ अर्ध्यावरच सोडला होता. का सोडला हे त्यांना धड सांगता येत नव्हते. कारण शोधा, सुधारा, मग आम्ही पुन्हा बघू, असे कंपनीने कळवले होते.

भावाने दूरच्या नोकरीसाठी त्याच संध्याकाळी होकार कळवायचे बोलून दाखवले. ताईने त्याला चार दिवस थांबायला सांगितले. सगळी जुनी रेकॉर्डिंग एकदा ऐकू या, कोणी ना कोणी काहीतरी बोललेच असेल, असे तिचे म्हणणे पडले.

मग दोघे ऐकत बसले. पडदा बंद ठेवून ताई डोळे मिटून ऐकत होती. भाऊ दर वेळी माझा आवाज आला की चुकचुकायचा. शेवटी तो म्हणाला की एवढी करकर पुसून टाकतो, म्हणजे नीट ऐकू येईल. ताईने डोळे न उघडताच हाताने त्याला थांबवले.

"पुसू नकोस. ती कुठे करकरते बघ. पायरीवर नाही. स्वयंपाकघरात नाही. पुढचं लाव."

त्याने पुढचे लावले. मग त्याच्या पुढचे. माणूस कोणीही असो, कोठाराचे दार उघडल्याचा आवाज आला की थोड्याच वेळात मी सुरू. ताईचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण तिचा आवाज उतरला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी दोघांची गत झाली होती. त्यांना हवा असलेला अभिप्राय त्यांनीच गॅलरीत ठेवून त्यावर कुंडी ठेवली होती.

तेवढ्यात आणखी एक रेकॉर्डिंग सुरू झाले. त्यातही कोठार आले आणि मी जोरात करकरले. पाठोपाठ एक ओळखीची जांभई ऐकू आली.

"हा तू आहेस," ताई म्हणाली.

भावाने रेकॉर्डिंग थांबवले. मग म्हणाला, "तू इतक्या मनापासून काढलं होतंस. मला नाही सांगवलं."

"अरे, चारचौघांनी भीड धरली तर समजू शकते. तू कधीपासून धरायला लागलास? खोडरबरासाठी तर अंगावर येतोस."

त्यावर तो हसला, आणि मग तीही हसली, पण तिचे हसणे जरा ओले होते. स्वतःच्या सर्वांत लाडक्या चित्रात दोष आहे हे ऐकणे सोपे नसते. ती उठून गॅलरीत आली, कुंडी उचलून खाली ठेवली आणि माझ्या बैठकीवर उमटलेला ओला गोल ओढणीने पुसून मला आत नेले. तो डाग आजही आहे. मला तो आवडतो.

मग ताईने कोठार मोडायला घेतले. अति तेथे माती, असे स्वतःलाच बजावत तिने अर्ध्या पेट्या काढून टाकल्या, एका भिंतीला खिडकी पाडली, आणि त्या खिडकीतून उजेडाचा एक पट्टा जमिनीवर आणला. एकेक पेटी पुसताना ती सुस्कारा टाकायची. भाऊ शेजारी बसून बिनधास्त सांगायचा, हे जाळे नको, ते पिंप दिसत नाही. दोघांची भांडणे पहिल्यासारखी जोरात सुरू झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

काम झाल्यावर मावशीला बोलावले. मावशीने काळी खुर्ची पुढे ओढली, तर भावाने तिला अदबीने माझ्यावर बसवले. चहा आला. सवयीप्रमाणे मावशी म्हणाली, छान आहे. दोघांनी तिकडे लक्षच दिले नाही. त्यांचे कान माझ्याकडे होते.

पायरी झाली, स्वयंपाकघर झाले, कोठाराचे दार उघडले. मी वाट पाहत होते. मावशी हलली, पण मागे नाही, पुढे. ती इतकी काठावर आली की मला तिला सावरून धरावेसे वाटले. खोलीत सायकलच्या दुकानातली ठोकठाक तेवढी ऐकू येत होती. चहावर साय धरली. ताईने न राहवून विचारले, मावशी, चहा गरम करून देऊ का?

"गप्प बस गं," मावशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ती मेली शिट्टी तू कुठे लपवलीयेस? आणि हा उजेड जरा इकडे पाडायचा होतास. काही अक्कल आहे का?"

मित्रांनो, जन्मभर सगळ्यांना छान म्हणणाऱ्या बाईचे ते पहिले खरे मत होते. ते ऐकून ताईला इतका आनंद झाला की तिने मावशीला मिठीच मारली, आणि त्या भरात मावशीच्या पुढ्यातला चहा सांडला. मी शेवटपर्यंत करकरले नाही.

कंपनीने खेळ घेतला. भावाने नोकरी नाकारली. आता देशोदेशीचे लोक आपापल्या घरी बसून अभिप्राय लिहितात आणि भाऊ ते मोठ्याने वाचतो. एकाला कोडी फार सोपी वाटली. एका बाईने लिहिले की कोठारात रमले आणि दूध उतू गेले, भरपाई कोण देणार? आणि पुष्कळांची एकच तक्रार आहे, की शेवटच्या खोलीतली खुर्ची काही केल्या सापडत नाही.

सापडणार कशी? ती मीच आहे. ताईने मला तिथे काढले आहे, माझ्या डोक्यावर कुंडी ठेवून. सगळे रोपाकडे बघतात.

भाऊ मध्यंतरी सुतार बोलावून माझा सांधा बसवून घेणार होता. ताईने हात लावू दिला नाही. म्हणून मी अजून करकरते, आणि अजून कामावर आहे. मित्रांनो, कोणी आपले काम दाखवून तुमचे मत विचारले तर चहा गोड होता म्हणून काम गोड म्हणू नका. तुमच्या घरात एखादी वस्तू किंवा एखादे माणूस सारखे करकरत असेल, तर त्याला बाहेर ठेवण्याआधी ते नेमके कुठे करकरते तेवढे ऐकून घ्या. आणि कधी शेवटच्या खोलीत पोहोचलात, तर ती कुंडी जरा उचलून बघा.