मथुराबाईंची दुपार

देणगी देणाऱ्या कंपनीला शुक्रवारपर्यंत कर्मचाऱ्यांची नियमपुस्तिका हवी होती. फतेगंजमधल्या त्या वृद्धांच्या दिवसकेंद्रात अशी पुस्तिका कधी नव्हतीच. नऊ कर्मचारी, चौदा वर्षे, सगळे तोंडी. व्यवस्थापक निरुपमाने भावाला फोन केला. अनीश कोयलीच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात एका ठेकेदाराकडे कामाला होता. त्याने तिथल्या नियमांची एकोणसाठ पानांची फाइल पाठवली आणि खाली लिहिले, 'कंपनीच्या जागी संस्था कर. झालं काम.'

तीन दिवस निरुपमा तेच करत होती. हेल्मेट काढले, रात्रपाळी काढली, टाकीवर चढण्याचे नियम काढले. शेवटची पाने तिने नुसती उलटली. विश्वस्त दिनकररावांनी न वाचताच सही केली. गुरुवारी सकाळी प्रती वाटल्या. प्रत्येकाने पोच म्हणून सही द्यायची होती.

"ताई, पान तेहतीसवर लोखंडी टोकाचे बूट आहेत," व्हॅनचा ड्रायव्हर गोविंद म्हणाला. "माप देऊन ठेवू?"

"दे. आणि सही कर."

अकरापर्यंत बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या. स्वयंपाक करणाऱ्या मथुराबाई मात्र चष्मा लावून वाचत बसल्या होत्या.

"निरुपमाताई, पान एक्केचाळीस. पाळी संपेपर्यंत आवाराबाहेर जाता येणार नाही. मग माझी दुपार कुठे गेली?"

एक ते तीन केंद्रातली म्हातारी माणसे झोपत. त्या वेळेत मथुराबाई लहरीपुऱ्यात घरी जात, पक्षाघाताने पडून असलेल्या नवऱ्याला भरवत, कूस बदलून देत आणि चहाच्या वेळेला परत येत. अकरा वर्षे हे चालले होते. परवानगी कोणी मागितली नव्हती, म्हणून कोणी दिलीही नव्हती.

निरुपमाने दिनकररावांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अगं, कागद कागदाच्या जागी," ते म्हणाले. "जातात तशा जाऊ देत. कोण बघायला येतंय?"

"आज ताई आहेत," मथुराबाई म्हणाल्या. "मार्चमध्ये त्या लेकाकडे पुण्याला चालल्या. नवीन बाई येतील, हेच पान उघडतील. तेव्हा काय सांगू, दिनकरराव फोनवर म्हणाले होते?"

"मग कंपनीलाच विचार," म्हणून दिनकररावांनी फोन ठेवला.

मग देणगी देणाऱ्या कंपनीच्या हार्दिकला फोन. "निरुपमाबेन, आता कशाला बदलता? आहे तेच चालशे."

"नाही चालणार."

"तो पछी, मग सगळ्यांसाठी नियम करा. एका माणसासाठी नियम नसतो."

निरुपमाने डोळे चोळले आणि पान एक्केचाळीस पुन्हा टाइप केले. दुपारी एक ते तीन विश्रांती; कर्मचारी बाहेर जाऊ शकतील. मग झोपलेल्यांजवळ कोण? तिने पुढची ओळ लिहिली: या वेळेत पाळीने एक आया आणि दररोज व्यवस्थापक केंद्रात हजर राहतील.

तिचे घर समोरच्याच सोसायटीत होते. दीड वाजता ती जेवायला जाई आणि अर्धा तास पाठ टेकत असे. तेही कुठे लिहिलेले नव्हते.

प्रती पुन्हा निघाल्या, सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या. मथुराबाईंनी ते पान दोनदा वाचले आणि सावकाश सही केली.

"तुम्ही जेवणार कधी?"

"डबा आणीन." निरुपमाने घड्याळाकडे पाहिले. "एक वाजलाय. निघा तुम्ही."