स्वयंपाकघरातली अनोळखी पेटी

आमच्या घरी तीन दिवस चोर शोधणं चालू होतं, अन् चोर स्वयंपाकघरात बसून शोधणाऱ्याइच्याच भाकरी थापून राह्यला होता. तो चोर म्हणजे मी, पुष्पाबाई. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या डोक्याले ताप नाही.

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली. शनिवार, रविवार अन् सोमवार लागून सुट्टी म्हणल्यावर देऊळगाव राजाच्या आमच्या घरी त्रिकूट जमलं. एक आमचे हे, इंद्रभान, एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. दुसरे रहेमतुल्ला भाईजान, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तिसरे हिवरा आश्रमचे प्रेमानंद सर, हे अजून शाळेत शिकवतात, म्हणून सुट्टीची वाट पाहा लागते. तिघाइले एकच रोग, कम्प्युटर. जुना भेटला तर उघडतील, नवा भेटला तर त्याच्याहून लवकर उघडतील. अन् उघडलेलं बंद करणं त्याइले कोणी शिकवलंच नाही. माझ्या मिक्सरले ह्याइनं "सुधारलं", तवापासून त्याले एकच स्पीड आहे, अन् त्या स्पीडनं चटणी थेट भिंतीवर जाते.

त्याइचा एक नेम आहे. जो येईन त्यानं काहीतरी अजब आणायचं, अन् सगळ्याइनं दाखवल्याबिगर जेवाले बसायचं नाही. नेम त्याइचा, पण गार होते माझी भाजी.

शनिवारी सरांनी शाळेच्या अडगळीतला कम्प्युटर आणला. टीव्हीएवढा त्याचा डबा, अन् त्याच्यात एक साप काळ्या पडद्यावर ठिपके खात फिरे. तिघं म्हातारे पोरांसारखे भांडले, "आता माझी पाळी, आता माझी पाळी." भाईजाननी गोल तबकडीचा जुना काळा फोन आणला होता. त्याच्या पोटात बोटाएवढा कम्प्युटर बसवला, आता तबकडी फिरवली की फोन आजचं तापमान बोलून दाखवते. मले हसू आलं. खिडकी उघडली की थंडी समजते, त्याच्यासाठी एवढा खटाटोप! पण खरं सांगते, त्या फोनचा आवाज ऐकून मले बी मजा वाटली.

मंग आमच्या ह्याइची पाळी आली. ह्याइनं लॅपटॉप पुढे सरकवला अन् असे गंभीर झाले, जसं घरात कोणाचं ऑपरेशन आहे.

"आपल्या लाईनीवर कोणीतरी घुसलं आहे," हे म्हणाले.

ही लाईन म्हणजे काय ते सांगा लागते. साबणाच्या डबीएवढी पेटी असते, तिले छोटा एरियल. मोबाईलले जोडली की लिहिलेला निरोप पाठवते. टॉवर नको, इंटरनेट नको, रिचार्ज नको. एक पेटी दुसरीले देते, दुसरी तिसरीले. या तिघाइनं टेकडीवर भाईजानच्या शेतातल्या छपरावर एक मोठी पेटी टांगली आहे, तिले सोलरची पाटी. इकडचा निरोप तिच्यावरून तिकडे उतरते. वर्षभर हे एकमेकाले काय पाठवत होते? "सिग्नल येऊन राह्यला का?" "हाव, येऊन राह्यला." बस्स. एवढ्यासाठी टेकडी चढले होते लेकाचे.

"रोज सकाळी कामधामाच्या टायमाले निरोप जातात," हे सांगू लागले. "पाच नाही, दहा नाही, ढिगानं. कुलूपबंद आहेत, वाचता येत नाहीत. आपल्या टेकडीवरच्या पेटीवरूनच जाऊन राह्यले."

"जासूस असन कोणी," भाईजान म्हणाले.

"वाळूवाले असतील," सर म्हणाले. "तहसीलदाराची गाडी निघाली की एकमेकाले खबर देत असतील."

मी ताटं मांडत होती, मांडतच राह्यली. ते ढिगानं निरोप माझे अन् नजमाचे होते.

नजमुन्निसा म्हणजे भाईजानची बायको. वीस वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राह्यलो. सकाळचे भांडे झाले की ती तिकून अन् मी इकून, मधात कंबरेएवढी भिंत, अन् आमच्या गप्पा. पोरं तिथंच मोठे झाले. मंग भाईजाननी टेकडीपलीकडे त्याइच्या खेड्यात घर बांधलं. घर चांगलं आहे, पण खळग्यात. फोनची रेंज येते ते गच्चीवर, अन् नजमाचे गुडघे गेलेले. सहा महिने आमचं धड बोलणं नाही. मले घर खायाले उठे. ह्याइले सांगावं तर हे त्या खोलीत, पडद्यात डोकं घालून. "तुले नाही समजणार" हे एवढं वाक्य ह्याइले फार चांगलं येते.

दिवाळीले आमची लेक प्रतीक्षा पुण्याहून आली. ह्याइनं भंगारच्या पोत्यात टाकलेल्या दोन पेट्या तिनं काढल्या. बिघडल्या बिघडल्या म्हणून टाकलेल्या, अन् बिघडली होती फक्त वरची काच. एका दुपारात पोरीनं मले सगळं शिकवलं, कुलूप बी टाकून देलं. एक पेटी नजमाले पोचवली, एक माझ्या साबुदाण्याच्या प्लास्टिकच्या डब्यात. डबा फडताळावर, खिडकीपाशी. तवापासून आमची भिंत परत आली. काय बोलतो आम्ही? काहीच नाही. म्हैस व्याली, दूध नासलं, सून फोन करत नाही, आज उगाच रडू आलं. ज्याच्यासाठी कोणी टेकडी चढणार नाही, असं सगळं.

ह्याइले काऊन नाही सांगतलं? कारण सांगतलं असतं तर ह्याइनं ते सुधारलं असतं.

रविवारी शिकार निघाली. जुन्या टीव्हीच्या एरियलच्या दांड्या कापून सरांनी एक लांबलचक झाडणीसारखं काही बनवलं. जिकडे तोंड केलं तिकडचाच सिग्नल पकडते म्हणे. तिघं अंगणात, एकाच्या हातात ते झाडणं, एकाच्या हातात लॅपटॉप, तिसरा वायर धरून. शेजारच्या शालूबाईनं विचारलं, "काय हरवलं व?" मी म्हणलं, "अक्कल."

आता गंमत पाहा. मी त्या दिवशी एक अक्षर लिहिलं नाही. पण नजमाले कायचं माहीत? ती बिचारी तिकून लिहूनच राह्यली, "काऊन बोलत नाही? आमचे हे काय करून राह्यले? जेवण काय केलं?" अन् तिचा निरोप आला की माझी पेटी आपोआपच "पोचला" म्हणून जबाब देते. पेटी बंद करता आली असती. पण मंग नजमाले वाटलं असतं, मलेच काही झालं.

"मिळाला!" सर ओरडले. झाडणं सरळ माझ्या स्वयंपाकघराकडे.

तिघं दारात येऊन उभे राह्यले. झाडणं माझ्या पाठीवरून फडताळाकडे, फडताळावरून साबुदाण्याच्या डब्याकडे. लॅपटॉपवरची रेघ वर गेली. मी कढईत डोकं घातलं अन् मनात म्हणलं, संपलं.

हे बराच वेळ रेघ पाहत राह्यले. मंग म्हणाले, "नाही बे. इथून कसा येईन?"

"स्टीलचे भांडे आहेत," सर म्हणाले. "सिग्नल आदळून वापस फिरून राह्यला."

"सही बात," भाईजान म्हणाले. "भाभी, भांडे जरा बाहेर काढता?"

तुमाले सांगते, तीन शिकलेले माणसं, अन् मशीन बोट दाखवून राह्यलं तरी त्याइच्या डोक्यात नाही आलं की तिथं एक बाई उभी आहे. माझा जीव भांड्यात पडला, अन् त्याच घडीले माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. माझे सगळे भांडे अंगणात काढले! डबे, पराती, पाण्याचे गुंड, सगळं. रेघ तशीच. शेवटी त्याइनं झाडण्यालेच नावं ठेवली, दांड्या कमी-जास्त कापल्या म्हणे. भांडे मात्र मलेच आत आणा लागले.

सोमवारी झेंडावंदन करून जिलेबी घेऊन आले तिघं, सर तर शाळेतलं झेंडावंदन चुकवून. जिलेबी खाता खाता ठरलं.

"शोधायची गरजच नाही," भाईजान म्हणाले. "टेकडीवरच्या पेटीले सांगून टाकतो, आपल्या तिघाइशिवाय कोणाचाच निरोप पुढं टाकू नको. बात खतम."

"कितीक वेळ लागन?" ह्याइनं विचारलं.

"चहा होईपर्यंत."

माझ्या हातातली जिलेबी तशीच राह्यली. टेकडीवरच्या पेटीनं पाठ फिरवली की माझी पेटी नुसता साबुदाण्याचा डबा. मी आत गेली अन् नजमाले लिहिलं, "हे आपली लाईन बंद करून राह्यले. सांगून टाकू का?"

तिचा जबाब आला. "नको सांगू. हे लोक मजाक उडवतात. राहू दे. मी गच्चीवर चढत जाईन."

गच्चीवर चढत जाईन! संडासाले जातानी भिंत धरा लागते तिले. मले रडू बी आलं अन् राग बी आला, अन् दोन्ही एकदम आले की मी कोणाचं ऐकत नाही. फडताळावरचा डबा काढला, बाहेर गेली, अन् जिलेबीच्या ताटलीत ती पेटी ठेवून देली. बुडाले साबुदाणे चिकटलेले.

"हा घ्या तुमचा जासूस," मी म्हणलं. "तुमचा वाळूवाला. पकडा."

सरांनी झाडणं उचललं, पेटीकडे धरलं, रेघ पाह्यली अन् हळूच खाली ठेवलं.

"तू?" हे म्हणाले.

"मी. अन् तिकून नजमा."

भाईजानचा चेहरा असा झाला की मले त्याइची दया आली. "नजमा? ती माह्याच घरात बसून? मले कसं नाही दिसलं?"

"तुम्ही मशीन पाहत होते, भाईजान."

"पण तिले बोलाले मी आहे ना घरात!"

"तुम्ही घरात आहे हाव. तुमच्या पेट्यापाशी आहे. कालचा दिवस ती एकटी इकडे लिहीत होती, तुम्ही इथं तिच्याच सिग्नलच्या मांगं पळत होते. एकदा तिलेच विचारलं असतं, बाई कशी आहे, तर भांडे बाहेर काढा लागले नसते."

सर खाली पाहून हसू लागले, मंग त्याइले बी कळलं की हसायचं नाही. मंग ह्याइनं विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं, पुष्पा?"

मले वाटलं होतं चांगलं खणखणीत बोलू. सगळं तयार होतं तोंडात. पण ह्याइचा आवाज असा आला की माझंच बोलणं लहान झालं. "तुम्ही म्हणता मले नाही समजणार. तर मी म्हणलं, जाऊ द्या, मले समजते तेवढं माझं माझ्यापाशी राहू द्या. माझं एवढंच होतं. ते बी तुम्ही चहा होईपर्यंत तोडाले निघाले."

भाईजाननी लॅपटॉप मिटला. "नाही तोडत, भाभी. अल्ला कसम. टेकडीवरच्या पेटीले हातच नाही लावत."

"अन् सुधारायची बी नाही," मी म्हणलं.

"सुधारत बी नाही."

हे म्हणाले, "एक मोठा एरियल लावून देऊ का? लांबचं..." माझ्याकडे पाह्यलं अन् तिथंच थांबले. भाईजान उठलेच. जेवाले नाही थांबले. म्हणाले, घरी जातो. जिलेबी कागदात बांधून घेतली अन् स्कूटर चालू केली. मागून सर बी हिवऱ्याच्या गाडीले निघाले, कम्प्युटर आमच्याच माथी मारून.

दिवे लागायच्या टायमाले मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. हे आले. खोलीत नाही गेले. पाट ओढला अन् माझ्यासमोर बसले. पडदा नाही, वायर नाही, हातात काहीच नाही. मेथीची एक काडी उचलली, फिरवली, ठेवली. मी बी पाह्यलं, त्याइनं बी पाह्यलं. लग्नाले एवढे वर्षं झाले, पण असं समोरासमोर बसून काय बोलायचं असते ते दोघाइले बी सुचेना.

पेटी परत फडताळावर गेली होती. फोन वाजला. नजमाचा निरोप होता.

"हे आले व. जिलेबी देली. मशीनची खोली बंद केली अन् माझ्याजवळ येऊन बसले. किती वेळचे बसले आहेत. आता मी यांच्याशी काय बोलू? लवकर सांग."

ह्याइनं मान वर करून विचारलं, "काय म्हणते?"

"काही नाही, आमचं बायकाइचं," मी म्हणलं, अन् मेथीची अर्धी जुडी ह्याइच्या पुढे सरकवली. मंग नजमाले लिहिलं, "मले बी नाही माहीत. इथं बी एक येऊन बसले आहेत."