मागची माती

रायफलीच्या दुर्बिणीत, काचेच्या कडेला तांबूस डाग… कुंकू. डोळा जवळ नेला की धुरकट पसरतो, जरा मागे घेतला की नुसता कण – म्हणजे आईंचं बोट शेवटी इथवरही पोचलंच. गेल्या रविवारी खंडेनवमी, आणि "घरात हत्यार आहे आणि पूजा नाही? विलायतेत राहता म्हणून काय झालं?" असं म्हणत सासूबाईंनी पाट मांडायला लावला, उल्कानं कुलूपबंद कपाटातून रायफल काढली, रिकामी असल्याची खात्री केली, पुन्हा एकदा केली, मग पाटावर नवऱ्याचा, मोहनचा लॅपटॉप, तिचा स्टेथोस्कोप, मधोमध ही रायफल आणि तिच्यावर बागेतला झेंडू. आईंनी हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "कुणाला लागू नये रे बाबा." पूजा रायफलीची आणि मागणं काय, तर म्हणे कुणाला लागू नये! मोहन इतका हसला की आई दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

आत्ता मात्र हसू येत नव्हतं. पोटाखाली ओलं गवत, कोपर बधिर, उजाडून थोडाच वेळ झालेला, आणि शेजारी गिडियनकाका – भायखळ्याला जन्मलेले, इथे रीडिंग गावात आयुष्यभर लोकांचे दात काढून निवृत्त झालेले, मराठी अजून खणखणीत. शिकारीच्या या नादाला त्यांनीच लावलं तिला. गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीच हे हरणाचं मांस खात नाही. काकांच्या घरी सिमाकाकूंच्या कोशर, ज्यूंचे नियम पाळणाऱ्या स्वयंपाकघरात गोळीनं मारलेलं चालत नाही आणि आईंसमोर त्याचं नाव काढायची सोय नाही. हरणं फार झालीत, कोवळ्या झाडांच्या साली सोलून खातात, म्हणून रानाच्या मालकानं बोलावलेलं. मांसही त्याच्याच फ्रीझरमध्ये जातं.

"आला," गिडियनकाका कुजबुजले.

नर. वर, टेकाडाच्या अगदी माथ्यावर, आडवा उभा, शिंगं स्वच्छ आकाशात. इतका नीट की हात लांब केला तर लागेल. उल्काचा अंगठा आपोआप सेफ्टीच्या खटक्यावर गेला… आणि थांबला. कारण त्याच्या मागे काहीच नव्हतं. म्हणजे आकाश होतं. गोळी हरणात थांबत नाही, आरपार जाते, मैलोन् मैल जाते. तिला थांबवते ती मागची माती, झुडपं नाहीत, झाडं नाहीत, माती – हे पहिल्याच दिवशी काकांनी घोकून घेतलं होतं. माथ्यापलीकडे काय आहे ते इथून दिसत नाही. दिसत नाही म्हणजे संपलं.

पण एवढ्या सकाळी तिथे असणार कोण? मार की. एकदा तरी मार. कधीतरी हो म्हण ना, उल्का!

हा आवाज गुरुवारपासून डोक्यात होता. गुरुवारी मिस्टर हॉब्ज टेबलावर येणार होते, खुब्याचं ऑपरेशन, भूल द्यायची होती तिनं – आणि ईसीजीतली एक रेघ तिला आवडली नाही. नाहीच आवडली. आज नको, आधी हृदय तपासा, असं तिनं सांगितलं, आणि सर्जननं ग्लव्ह्ज काढून बादलीत आपटले. सुट्टी काढून क्रॉयडनहून आलेली हॉब्जची मुलगी कोट घालून निघून गेली. शुक्रवारी तपासणी झाली. सगळं नॉर्मल. "देअर वॉज नथिंग देअर, उल्का," सर्जन कॉरिडॉरमध्ये चारचौघांत म्हणाला, वर हसला. ऑपरेशन थिएटरमध्ये मागून तिला डॉक्टर नॉट-टुडे म्हणतात, तेही काही तिला ठाऊक नव्हतं असं नाही. या वर्षात असं आधीही झालंय, आणि दर वेळी काही निघालं नाही. मग मी बघते ते काय बघते? आहे ते बघते, की नुसतं भिते? सोमवारी विभागप्रमुखांना सांगून टाकायचं – थिएटर नको, जुनाट दुखण्यांचं पेन क्लिनिक द्या, खुर्चीत बसते, गोळ्या लिहून देते. वाक्यसुद्धा तयार होतं.

नरानं मान वळवली. तांबूस डागाच्या कडेशी त्याचा खांदा स्थिर होता. उल्कानं अंगठा काढून घेतला.

तो दोन पावलं चालला आणि पलीकडे उतरून गेला. झालं.

"गेला की गं," काका म्हणाले. आवाजात हळहळ सरळ सरळ होती. त्यांनाही तो हवा होता. "चल, चहा घे."

तिनं बोल्ट मागे ओढला, गोळी काढून खिशात टाकली, आणि "आलेच, बघून येते" म्हणत टेकाड चढायला लागली. "अगं, काय बघतेस आता?" काकांनी मागून विचारलं. काय बघायचं होतं? तिचं तिला माहीत होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती. तिला तिथे कुणीतरी हवं होतं. कुत्रं फिरवणारी एखादी म्हातारी, एखादा सायकलवाला… कुणीही, म्हणजे सोमवारी, निदान स्वतःला तरी, सांगता आलं असतं की बघ, बरं झालं थांबलीस.

माथ्यावर पोचली तेव्हा धाप लागली होती. खाली नांगरलेलं शेत, त्याला लागून पायवाट, पायवाटेवर कुणीही नाही. पार खालच्या कुंपणापर्यंत एक माणूस नाही. नथिंग देअर.

रागानं डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणी मनात आलं, की उल्का, तू आत्ता काय मागत होतीस? गोळीच्या वाटेत एक माणूस मागत होतीस. स्वतःचं खरं व्हावं म्हणून. आई बिचाऱ्या हत्यारापुढे हात जोडून म्हणाल्या, कुणाला लागू नये, आणि आपण त्यांना हसलो… पायवाट रिकामी आहे, याहून चांगलं काय असणार होतं? रिकामीच हवी ती. दर वेळी रिकामीच निघू दे, आणि दर वेळी मी थांबेन.

आणि हॉब्ज! त्या माणसाचं हृदय चांगलं आहे. धडधाकट आहे. शुक्रवारपासून ही बातमी तिच्याजवळ होती आणि तिनं ती अपमानासारखी उराशी धरून ठेवली होती. सर्जननं ती टोमणा म्हणून वापरली, तिनं टोमणा म्हणून घेतली. त्या म्हाताऱ्याला किंवा त्याच्या मुलीला कुणी हसून सांगितलंसुद्धा नसेल.

"होतं का कुणी?" काकांनी खालून ओरडून विचारलं.

"कुणी नाही!" ती ओरडली, आणि स्वतःच्याच आवाजातला आनंद ऐकून दचकली.

"मग वेडे, हसतेस काय?"

ती उतरायला लागली. पेन क्लिनिकचं वाक्य अजून होतं डोक्यात, गेलं नव्हतं, कदाचित सोमवारी ते तोंडातून निघेलही… पण त्याच्या आधी दुसरं एक वाक्य म्हणायचं होतं, फोनवर नाही, समोर बसून. मिस्टर हॉब्ज, तुमचं हृदय छान आहे. खांद्यावर रिकामी रायफल, काचेवर न पुसलेलं कुंकू, आणि उल्का टेकाड उतरता उतरता ते वाक्य हळू आवाजात, वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून बघत होती.