भंडाऱ्याची आमटी

अवसरीत यात्रेचा भंडारा म्हटला की आमटी झुंबरबाईचीच. नैवेद्य दाखवल्याशिवाय चव बघायची नाही ही गावाची रीत, म्हणून गावजेवणाची आमटी ही बाई नुसत्या वासावर जमवायची. कढईवर वाकायची, वाफ हुंगायची, "मसाला कच्चा हाय, उकळू द्या अजून" म्हणायची. तिचा शब्द कुणी मोडत नसे.

पण गेल्या पावसाळ्यात ताप आला आणि तिचा वासच गेला. तिनं हे कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याला, चिमाजीलाही नाही. सांगणार काय, कपाळ! वास गेल्यावर तिला आचारीण म्हणणार कोण?

तिचा भाचा गोरख बाजारतळावर चायनीजची गाडी लावायचा. गाडीवरची पांढरी पावडर त्यानंच तिला दिली. "आत्ये, चिमूटभर टाक, पानी बी ग्वाड लागंल. जपानातल्या कुना प्रोफेसरानं शेवाळाच्या रश्श्यातनं हुडकली म्हनं. आता उसाच्या मळीपासनं करत्यात."

चैत्रातल्या यात्रेला डाळ आदल्या संध्याकाळीच शिजवून झाकून ठेवली होती. रात्रभर नुसता उकाडा. सकाळी झुंबरबाईनं झाकण काढून सवयीनं हुंगलं. काहीच कळलं नाही. बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या. "झकास हाय," ती म्हणाली. शेजारच्या प्रयागबाईला वास जरा उग्र लागला, पण झुंबरबाईपुढं ती कशाला बोलतेय! मग मसाला पडला, चिंच-गूळ पडला आणि दोन मुठी पावडर पडली.

आमटी अशी उतरली की लोकांनी द्रोण तोंडाला लावले. चिमाजी तर पुन्हा पुन्हा मागत राहिला. "लई दिसांनी तुझा हात परत आला गं," म्हणाला. झुंबरबाई लाजली.

तिन्हीसांजेपासून गाव ओकायला लागलं. दुसऱ्या दिवशी सलाईन चालू असतानाच चिमाजी गेला.

डाळ नासली असणार, असं डॉक्टर सांगत होते. पण ऐकतंय कोण! गावाला पावडर सापडली होती. "गोरख्यानं चायनीजचं इख घातलं!" चिमाजीची राख सावडून माणसं थेट बाजारतळावर गेली.

झुंबरबाई आणि प्रयागबाई धावत पोचल्या तेव्हा गोरख फुटल्या ओठानं गाडीला धरून उभा होता. झुंबरबाईनं गाडीवरची पुडी उचलली आणि सगळ्यांसमोर तोंडात रिकामी केली. "बघा, मरते का मी! डाळ नासली व्हती रं! मला वासच येत न्हाई, पावसाळ्यापासनं!"

"आक्का, तुमी आन वासाला चुकताय व्हय?" गर्दीतला चांगदेव म्हणाला. "भाच्यासाठी खोटं बोलू नगा."

"दुःखानं डोकं फिरलंय तिचं. बाजूला घ्या," दुसरं कुणी ओरडलं.

ती रडली, शिव्या घातल्या, पाया पडली. ज्या नावाला जपत आली, तेच पोराच्या जिवावर उठलं होतं.

मागून कुणीतरी डबा आणून गाडीवर उपडा केला. माणसं झटकन मागं सरली. झुंबरबाईला वाटलं, पाणी मारलं. बरं झालं, राग निवला असंल. ती पुढं झाली आणि भिजल्या फळीला टेकून उभी राहिली.

"आत्ये, सर! राकेल हाय!" गोरखनं तिला जीव खाऊन ढकललं, तेवढ्यात काडी पडली.

ती धुळीत आपटली. गोरख पेटला होता आणि चांगदेव पोतं घेऊन त्याच्याकडं धावत होता. प्रयागबाई मात्र तिला उठवायचं सोडून तिच्याकडं बघत राहिली.

"झुंबरे," ती म्हणाली, "समद्यांना वास आला. तुला खरंच न्हाई आला?"