भाऊ वैद्यांचा इन्कमटॅक्स

ठाण्यात इन्कमटॅक्स आला आणि आम्ही सगळे ठाणेकर रातोरात गरीब झालो. कालपर्यंत मसुंदा तलावाच्या काठी उभं राहून ‘यंदा आंबा काय, पायरीशिवाय घरात शिरत नाही’ असं सांगणारी माणसं ताकभातावर दिवस काढत असल्याच्या शपथा खाऊ लागली. वर्षाला पाचशेच्या वर मिळकत असेल त्याला कर, असा सरकारचा कायदा होता. एका वकिलानं नवं पागोटं ट्रंकेत ठेवून सासऱ्याचं जुनं डोक्यावर घातलं. एका शेटजींनी दारातला छकडा मेव्हण्याकडे भिवंडीला पाठवून दिला आणि स्वतः उन्हातून पायी हिंडू लागले. सरकारला फसवण्यात आमच्या गावाची अशी एकी झाली होती की काय सांगावं!

भाऊ वैद्यांनीही तयारी केली. तसं पाहिलं तर त्यांची मिळकत म्हणजे पायलीभर तांदूळ, चार नारळ, भोपळा आणि कधीमधी एखादा रोख रुपया. पण जन्मभर ते ‘आपल्याला काय कमी आहे?’ असंच म्हणत आले होते आणि इतक्या वेळा म्हटल्यावर त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. त्यांनी एक फाटकं उपरणं खुंटीला तयार ठेवलं. भेटेल त्याला ते सांगू लागले, “आता आमच्यासारख्यांचं कंबरडं मोडणार हो!” त्यातलं ‘आमच्यासारख्यांचं’ ते जरा मोठ्यानं म्हणत.

चौकशीचा कारकून गल्लीत आला. सावकाराकडे गेला, वकिलाकडे गेला, पलीकडच्या महिपत वैद्याकडे तर बसून पानसुद्धा खाल्लं. भाऊंच्या दारावरून तो सरळ पुढे गेला.

मग कचेरीत यादी लागली. भाऊंनी ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली. महिपतचं नाव होतं. कालपरवा दुकान थाटलेला महिपत, ज्याच्या कुठल्याही चूर्णात निम्मी सुंठच, तो महिपत! भाऊंचं नाव नव्हतं.

“सुटलो!” घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. रंगूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि यांच्या तळहातावरही चिमूट घातली. ती काही भाऊंच्या घशाखाली उतरेना. सरकारनं आपल्याकडे पाहिलं आणि ‘हा असू दे असाच’ म्हणून मान फिरवली, हे त्यांना फार लागलं.

नुसतं लागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण गल्लीनं सरळ हिशेब मांडला: ज्याच्या हाताला गुण, त्याच्याकडे रोगी, ज्याच्याकडे रोगी, त्याला पैसा, ज्याला पैसा, त्याचं नाव यादीत. म्हणजे भाऊंच्या हाताला गुण नाही. विहिरीवर बायका म्हणू लागल्या, “सरकार काय खुळं आहे?” तिकडे महिपत ओटीवर बसून ‘मेलो, बुडालो’ म्हणून सकाळ-संध्याकाळ गळा काढी आणि जितका गळा काढी तितके रोगी वाढत. भाऊंची ओटी ओस पडली. त्यांचा सख्खा मेव्हणा मूळव्याधीसाठी मागच्या दारानं महिपतकडे गेला. कहर म्हणजे त्या आठवड्यात भाऊंना स्वतःला खोकला झाला आणि आपलाच काढा उकळताना त्यांच्या मनात आलं, महिपतकडून पुडी मागवावी का?

त्या विचारासरशी त्यांनी काढा खाली उतरवला, अंगरखा चढवला आणि कचेरी गाठली.

“काय काम आहे?” अव्वल कारकुनानं विचारलं.

“माझं नाव यादीत नाही,” भाऊ म्हणाले.

“मग पेढे वाटा.”

“तसं नव्हे. चूक झालेली आहे. मला कर लावा.”

कारकुनानं बोरू खाली ठेवला. “वैद्यबुवा, तब्येत बरी आहे ना?”

“सहाशे रुपये मिळकत आहे माझी.”

“शपथेवर सांगता?”

“शपथेवर,” भाऊ म्हणाले आणि मनातल्या मनात भोपळ्यांचे भाव त्यांनी जमतील तितके चढवले.

नाव चढलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की भाऊंनी मिळकत लपवली होती आणि सरकारनं ती हुडकून काढली. वा रे वा! एवढी अब्रू त्यांना बापजन्मात मिळाली नव्हती. मेव्हणा पुढच्या दारानं आला. खाडीपलीकडून, कळव्याहून होड्या भरून माणसं येऊ लागली. भाऊंना पाठ टेकायला फुरसत मिळेना.

पण एक भलतंच झालं. पूर्वी येणारा माणूस काखेत काहीतरी घेऊन येई. आता येताना हात मोकळे. कळव्याची तुळसा नातवाच्या तापासाठी यायची. मिठागरावर राबून हाताला भेगा पडलेली, तोंडानं फटकळ म्हातारी. ती म्हणालीच, “वैदबाबा, तुमचं नाव सरकारचे कागदान हाय. तुमाला पायलीभर तांदूल काय देवाचं? आमालाच लाज वाटते.” आणि तिनं वाकून नमस्कार केला. सगळेच नमस्कार करत. शिवाय उत्सवाच्या वर्गणीला पहिलं नाव भाऊंचं.

“आज काय शिजवू?” रंगूबाईंनी एका दुपारी विचारलं. “पंचवीस नमस्कार आलेत. आमटी करू का त्यांची?”

त्यातच मागणीचा कागद आला: दहा रुपये भरावेत, हरकत असल्यास अमुक तारखेला हजर व्हावं. रंगूबाईंनी कागद ऐकून घेतला, आतून माहेरचं तांब्याचं घंगाळ आणलं आणि पदरानं पुसून ओटीवर ठेवलं.

“हे मोडलं तर दहा येतील,” त्या म्हणाल्या. “पण आधी कचेरीत जाऊन खरं काय ते सांगून बघा. मिळकत दोनशेसुद्धा नाही म्हणावं. खरं सांगायला काही पैसे पडत नाहीत.”

भाऊंना घंगाळाकडे बघवेना. जन्मभराच्या फुशारकीची त्यांना त्या वेळी खरोखर शरम वाटली. ‘सांगतो,’ असं त्यांनी बायकोला वचन दिलं, घंगाळ तांबटाकडे मोडून दहा रुपये जवळ ठेवले ते केवळ वेळ पडली तर म्हणून, आणि हरकतीच्या दिवशी ते खुंटीवरचं फाटकं उपरणं घेऊन निघाले.

कचेरीच्या पडवीत सगळं गाव फाटक्यात उभं होतं. भिकाऱ्यांचा मेळाच म्हणा ना. महिपतनं तर अशी बाराबंदी घातली होती की ती अंगावर कशी टिकली हेच नवल. तो कारकुनापुढे हात जोडून ओरडत होता, “एक रोगी येत नाही हो! माशा मारतो मी!” कारकून म्हणाला, “तुमच्या दारात रांग असते ती माशांची का?” आणि पडवी हसली. महिपतनं निमूटपणे पैसे काढले.

मग भाऊंच्या नावाचा पुकारा झाला.

ते पुढे झाले तोच मागून आवाज आला, “यो आमचा वैद!” तुळसा होती. मिठागराच्या कसल्याशा कामासाठी कळव्याची चारपाच माणसं पायरीवर बसली होती, त्यांत तीही. ती उठून सगळ्यांना सांगू लागली, “माज्या नातवाचा ताप उतरलाय याच्या पुडीनं. अजून चार दिस पुडी देवाची हाय. येरागबाला वैद नाय यो, सरकारनी बोलावलाय त्याला!”

“बोला, वैद्यबुवा,” कारकून म्हणाला. “त्या दिवशी सहाशे सांगितलेत. आज किती?”

‘दोनशेसुद्धा नाही’ हे शब्द भाऊंच्या जिभेवर तयार होते. त्यांनी मागे पाहिलं. आपण ते बोललो की तुळसा ऐकणार, घरी जाऊन उरलेल्या पुड्या चुलीत टाकणार आणि पोराला उचलून महिपतच्या सुंठीकडे नेणार. तापाला अजून उलटायला वाव होता. पोरासाठीच गप्प बसावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. लगेच त्याच मनानं त्यांना चिमटाही काढला, की लेका भाऊ, पोराचं नाव कशाला पुढे करतोस? महिपत इथं उभा नसता तर बोलला असतास. दोन्ही खरं होतं. किती पोराचं आणि किती महिपतचं, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

त्यांनी फाटकं उपरणं काढून काखेत दडवलं.

“हरकत काही नाही,” ते म्हणाले. “कर बरोबर आहे.”

आणि त्यांनी घंगाळाचे दहा रुपये टेबलावर ठेवले. हसतमुखानं कर भरणारा माणूस ठाण्यानं प्रथमच पाहिला होता.

परतीच्या वाटेवर भाऊंना एकच घोर लागला. बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं? घरी येऊन ते पाटावर बसले आणि काहीही न लपवता सगळं सांगून मोकळे झाले. तुळसेचं सांगितलं, महिपतचंही सांगितलं. “मी गाढव आहे,” शेवटी ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुझं माहेरचं घंगाळ मी माझ्या तोऱ्यापायी घालवलं.”

चुलीवर भाताची पेज होती, ती रंगूबाईंनी दोन वाट्यांत ओतली. थोडी जास्त यांच्या वाटीत गेली.

“वकिलांच्या घरी बोलत होते,” त्या म्हणाल्या. “साडेसातशेपर्यंत कर दहाच रुपये पडतो म्हणे.”

“मग?”

“मग काय मग! सहाशेच कशाला सांगितलेत? सातशे सांगायला काय झालं होतं तुम्हाला?”