प्रतिविष कशासाठी दिले?

“प्रतिविष कशासाठी दिले, कृपया नोंदवावे.” एवढंच लिहून कुलूपकाकांनी चिठ्ठी फाईलला टाचली.

“अहो काका, सरळ विचारा ना, घटसर्प आहे का म्हणून,” शेजारच्या टेबलावरची सहकारीण म्हणाली. “घशात करडा पडदा, पुसला तर रक्त, वर जंतूंचं विष मारणारं प्रतिविष टोचलेलं. मलासुद्धा कळलं.”

“चिठ्ठीत उत्तर सुचवायचं नाही. डॉक्टर लिहितील तो आजार. आपण त्याला कोड द्यायचा.”

“त्यांनी लिहिलंय की, घशाचा संसर्ग, अहवाल बाकी. द्या त्याचा कोड आणि व्हा मोकळे.”

मोकळं होणं काकांच्या स्वभावात नव्हतं. आणि आज तर नव्हतंच नव्हतं.

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात त्यांची हयात गेली होती. दाखल झालेल्या रुग्णांच्या फायली रोज सकाळी त्यांच्याकडे येत. शहरातल्या निम्म्या माणसांची दुखणी त्यांनी वाचली असतील, पण त्यातलं एक अक्षर कधी घरी नेलं नाही. त्यांची बायको, होती तोवर, म्हणायची, “लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. यांच्या तोंडात तो भिजून कुजून जातो, तरी बाहेर येत नाही!” सख्ख्या मेव्हण्याचं ऑपरेशन तिला शेजारणीकडून कळलं होतं. तेव्हापासून ते कुलूप, आणि वय झाल्यावर कुलूपकाका.

आजच्या फायलीतला मुलगा होता पाच वर्षांचा. पहिल्या पानावरचं आईचं नाव काकांनी दोनदा वाचलं. ही बाई घरी मुलं सांभाळायची. तिच्याकडे येणाऱ्या पाच मुलांत एक त्यांची नात होती. जागेवर ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. मुलगा आजारी पडल्यावर बाईने पाळणाघर बहिणीवर सोपवलं होतं. “त्याचा घसा धरलाय,” एवढंच तिने सगळ्यांना सांगितलं होतं, कारण तिलाही तेवढंच माहीत होतं.

घटसर्पाचा कोड संगणकात पडला की आरोग्य कार्यालयाला तिथल्या तिथे खबर जाते. त्यांची माणसं घरोघर जाऊन मुलं तपासतात, औषध देतात. घशाच्या संसर्गाचा कोड पडला तर कोणी फिरकत नाही.

चिठ्ठी शिपायाबरोबर पाठवायची पद्धत होती. काका स्वतः फाईल घेऊन वॉर्डात गेले. डॉक्टरीणबाई एका अत्यवस्थ बाळापाशी होत्या. काका बाहेरच्या बाकावर बसले. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

“बाबा, आज मला उशीर होणार. भिंगरी पाळणाघरातच राहील संध्याकाळपर्यंत. तुम्ही जेवून घ्या.”

‘तिला आत्ता घेऊन ये’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. कारण सांगायचीही गरज नव्हती. पण आपली तेवढी उचलायची आणि बाकीची चार तिथेच ठेवायची? त्या चौघांच्या घरी रेकॉर्ड विभागातला आजोबा नव्हता. सगळ्यांच्या दारापर्यंत जाणारा रस्ता एकच होता, आणि तो या फायलीतून जात होता.

“बरं,” काका म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला, इतका की ते उठून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. “काका, तुम्ही स्वतः? अहवाल परवा येतोय, तेव्हा लिहिणारच होते. औषध तर सुरू केलंय मी.”

काकांनी पहिलं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आईचा व्यवसाय: घरी मुले सांभाळणे.

“अरे देवा!” डॉक्टरीणबाईंनी पेन मागितलं. “किती मुलं आहेत तिच्याकडे?”

पाच, काकांच्या मनात आलं. त्यातली एक दोन वेण्यांची भिंगरी. “ते फायलीत नाही,” काका म्हणाले.

बाईंनी उभ्या उभ्याच लिहिलं, ‘बहुधा घशाचा घटसर्प,’ आणि सही केली. काका या वयात जिने उतरतात तसे उतरले नाहीत, धावले. कोड टाकला, खबर गेली, आणि ते खुर्चीत नुसतेच बसून राहिले.

संध्याकाळी मुलगी भिंगरीला घेऊन घरी आली, तोच आरोग्य कार्यालयाची नर्स काकांच्या दारात आली. “पाळणाघरातल्या सगळ्या मुलांकडे चाललोय. पाळणाघरवाल्या बाईंच्या मुलाला घटसर्प असावा असं दिसतंय.” तिने भिंगरीचा घसा पाहिला, कापसाच्या काडीने नमुना घेतला. “आत्ता तरी स्वच्छ आहे. औषध मात्र न चुकता द्यायचं.”

मुलीने वळून वडिलांकडे पाहिलं. ते कुठे काम करतात ते तिला नव्याने सांगायची गरज नव्हती.

“मी दुपारी फोन केला, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसू लागले.

“माझी मुलगी आहे ती, बाबा. तुमची फाईल नाही.”

“पाच जणं होती,” काका हळूच म्हणाले. “पाचांच्याही घरी कुणीतरी जायला हवं होतं.”

तिला ते पटलं नव्हतं, आणि तिच्या जागी काका असते तर त्यांनाही पटलं नसतं.

“आजोबा, तुम्हीही या,” नर्स म्हणाली. “घरातल्या सगळ्यांचं बघायचंय. ताई, जरा टॉर्च धरता का?”

“आजोबा, आ करा,” भिंगरीने हुकूम सोडला. “मोठ्ठा! अजून मोठ्ठा! माझ्यासारखा!”

काकांनी तोंड उघडलं. मुलगी टॉर्च घेऊन समोर उभी राहिली, पण उजेड एका जागी राहीना. मग तिने दुसरा हात वडिलांच्या खांद्यावर टेकवला आणि टॉर्च नीट धरला. काडी घशाला लागली तशी काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नर्स म्हणाली, होतं असं, सगळ्यांनाच होतं.