नऊ म्हशींचा अहवाल

बरणीच्या तळाशी ज्वारीच्या पानाचा एक तुकडा होता. लांबी साधारण चार सेंटिमीटर, एक कड आत वळलेली, रंग फॉर्मेलिनमध्ये राहून चहाच्या चोथ्यासारखा झालेला. चघळल्याच्या खुणा त्यावर नव्हत्या. म्हशीने तो भुकेच्या घाईत तसाच गिळला होता. चिठ्ठीवर सुनेत्राच्या अक्षरात तारीख होती, जून १९९४. त्याला पावणेसहा वर्षं होत आली होती.

"अजून तेच बघत बसलीस?" विभागप्रमुख श्रीपाद सर दारातूनच म्हणाले. दिल्लीबाहेरच्या त्या विद्यापीठात, मेलेल्या जनावरांच्या आजारांचा छडा लावणाऱ्या विभागात, मराठी बोलणारी ती दोघंच. म्हणून अवघड गोष्टी मराठीत व्हायच्या. "गाडी आलीय. कोर्टात काय करायचं ठाऊक आहे ना? अहवाल ओळखायचा, सही ओळखायची, खाली उतरायचं. जास्तीचा एक शब्द नको."

"सर, तो माणूस सव्वा वर्ष आत होता."

"मग? आपण टाकला का त्याला? पोलिसांनी विचारलं, विष आहे का? आपण म्हटलं, आहे. कुणी घातलं हे त्यांनी विचारलंच नव्हतं."

"कुणी घातलंच नव्हतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या महिन्यात तुझी प्रोफेसरपदाची मुलाखत आहे. त्या खोलीत मी तुझी तारीफ करायची की तुझं वकीलपत्र घ्यायचं, ते तूच ठरव."

त्या जूनमध्ये गुडगावकडच्या एका गावात एका दुपारी नऊ म्हशी मेल्या. ट्रॅक्टरमधून तीन इथे आल्या. सुनेत्राने त्या उघडल्या तेव्हा रक्त कुंकवासारखं लालभडक होतं आणि पोटातून कडू बदामाचा वास आला. तो वास प्रत्येकाला येतोच असं नाही. तिचा मदतनीस हरिदास जन्मभर मेलेली जनावरं हाताळूनही म्हणायचा, "मैडम, मुझे तो सब एक जैसा बास मारता है." चाचणीची पिवळी पट्टी बघता बघता विटकरी झाली. सायनाइड. आणि पोटात खुरटलेली, वीतभर ज्वारी. इकडे तिला चरी म्हणतात. कोवळ्या ज्वारीला पाणी तुटलं की पानांत हे विष आपोआप तयार होतं. तिच्या वडिलांच्या बार्शीकडे कुणीही सांगितलं असतं, गुरांना किराळ लागली.

हे सगळं तिने कच्च्या कागदावर लिहिलं. पण पोलिसांच्या छापील फॉर्मवर पोटातल्या चाऱ्यासाठी रकानाच नव्हता. उकाडा मी म्हणत होता, फॉर्म न्यायला आलेला शिपाई दारात घाई करत होता. 'विष आढळले काय?' यापुढे तिने 'होय' लिहिलं आणि सही केली.

चार महिन्यांनी हरिदासने चहाबरोबर बातमी आणली. सुट्टीवरून मालकाशी भांडलेल्या गोठ्यातल्या गड्याला पोलिसांनी विष घातल्याबद्दल पकडलं होतं. सुनेत्रा तडक सरांकडे गेली. सर म्हणाले, "पुरवणी अहवाल दिला की आपल्या आजवरच्या सगळ्या अहवालांवर शिंतोडे उडतील. समन्स येईल तेव्हा बघू." त्या क्षणी तिला हायसं वाटलं होतं. चुकीपेक्षा ते हायसं वाटणंच तिच्या मनात सलत राहिलं.

न्यायालयाच्या व्हरांड्यात गर्दी होती. "दीनानाथ!" असा पुकारा झाला आणि बाकावरचा पन्नाशीचा माणूस ताडकन उठून "हाजिर!" म्हणाला. आतून "अभी बैठो" असा आवाज आला. तो बसला, आणि उभ्या असलेल्या सुनेत्राला पाहून बाकाच्या कडेला सरकला. इस्त्रीचा शर्ट, कॉलर उसवून उलटी शिवलेली.

"बैठिए, मैडम जी. आपकी भी तारीख है?"

"गवाही है," ती म्हणाली. कुठली, ते तिला सांगता आलं नाही.

त्यानेही विचारलं नाही. बोलायला माणूस मिळाला होता, तेवढं त्याला पुरे होतं. "हमारा भैंसों का मामला है. नौ थीं. भूरी तो मेरी खाँसी से पहचान लेती थी. उस साल चारा था ही नहीं. खेत बिल्डर ने ले लिया, ट्यूबवेल कटवा दिया. सूखी चरी खड़ी थी, मैं ही काट लाया. पेट भर के खाईं बेचारी." तो हसला. "जेल में सब क़साई बोलते थे. मैं बोला, बोलो. मुझे तो मालूम है, मेरे हाथ से उनका पेट ही भरा था. उसी पर टिका हूँ, मैडम जी."

सुनेत्रा बोलली तर हा माणूस सुटणार होता, आणि ज्याच्यावर टिकून होता ते त्याच्या हातून जाणार होतं. गप्प राहणं हीच दया, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिने त्या दयेला नीट निरखलं, स्लाइड निरखावी तसं. ते साडेपाच वर्षांपूर्वीचंच हायसं वाटणं होतं, फक्त कपडे बदलून आलेलं.

साक्ष चार मिनिटांत झाली. सरकारी वकिलाने कागद पुढे धरला. "रिपोर्ट आपकी है?"

"जी."

"दस्तख़त?"

"मेरे."

बचावाच्या वकिलाने घड्याळ पाहिलं. "कोई सवाल नहीं, जनाब."

"आप जा सकती हैं," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

सुनेत्रा खाली उतरली नाही. समोर दीनानाथ उभा होता. बाकावर आपण कुणाला जागा दिली होती ते त्याला आता कळलं होतं, आणि तो तिच्याकडे एकटक पाहत होता. ती मॅजिस्ट्रेटशी बोलली, पण नजर तिने त्याच्यावरून हलवली नाही.

"जनाब, रिपोर्ट अधूरी है. ज़हर किसी ने नहीं मिलाया था. वो उस चरी में था, जो ये काटकर लाए थे. इनको पता नहीं था. मुझे उसी दिन से पता है."